दयेचा बाजार आणि रंगमंचाची सूत्रे

अपंगांच्या नाट्यसंस्थेचे नेतृत्व कोणी करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कामगारविरोधी संहिता अशा ज्वलंत प्रश्नांच्या गर्दीत एका परदेशी नाटकमंडळीचा कारभार कोण पाहतो याची चर्चा पक्षाच्या मुखपत्राने का करावी, असे एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर असे की, ज्या समूहाच्या वतीने सतत दुसरेच कोणी बोलत आले, त्या समूहाने आपला आवाज आपल्या हाती घेणे ही मूलतः राजकीय घटना असते. ती घडत असताना कोणत्या आर्थिक शक्ती आडव्या येतात, हे ब्रिटनमधील ‘ग्रे-आय’ या नाट्यसंस्थेच्या चार दशकांहून अधिक काळाच्या वाटचालीत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. शिवाय या प्रश्नाची एक बाजू थेट आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचते. तिचा विचार शेवटी करावयाचा आहे.

ग्रीक पुराणकथेत ग्रे-आय नावाच्या तीन वृद्ध बहिणी आहेत. तिघींत मिळून एकच डोळा आणि एकच दात. तोच त्या आळीपाळीने वापरतात. नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन या दोघांनी १९८० साली आपल्या नाट्यसंस्थेला हे नाव दिले. शबान यांचा जन्म १९५३ साली जॉर्डनमधील अम्मान येथे झाला. हाडे ठिसूळ असण्याच्या जन्मजात विकारामुळे त्यांना लहानपणीच उपचारांसाठी इंग्लंडला आणण्यात आले, आणि त्यांचे बालपण रुग्णालये व अपंगांची निवासगृहे यांतच गेले. टॉमलिन्सन स्वतः अपंग नव्हते. कॉव्हेंट्री येथील अपंग विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ते शिकवीत, आणि तेथेच दोघांची गाठ पडली. त्यांच्या पहिल्या नाटकाचे नाव ‘साइडशो’. युरोप-अमेरिकेच्या जत्रांत मुख्य खेळाच्या बाजूला तंबू ठोकून, तिकीट लावून, ‘विचित्र’ शरीराची माणसे दाखविण्याचा जो धंदा शे-दीडशे वर्षे चालला, त्याची आठवण या नावात आहे. आपल्या जत्रांनाही हा प्रकार अपरिचित नाही. ज्यांना तंबूत बसवून दाखविले जाई, त्यांनीच तंबूचे दार आपल्या हाती घेतले, असा या पहिल्या पावलाचा अर्थ होता.

हे पाऊल आकाशातून पडले नाही. त्याच्या आधीचे दशक ब्रिटनमधील अपंगांच्या राजकीय जागृतीचे दशक होते. ‘ल कोर्ट’ नावाच्या धर्मादाय निवासगृहात राहणारे पॉल हंट आणि त्यांचे सहनिवासी यांनी, आपण ज्या घरात जन्म काढतो त्या घराच्या व्यवस्थापनात आपला शब्द असावा, एवढीच मागणी केली होती. त्यासाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. तज्ज्ञ म्हणून पाचारण केलेल्या संशोधकांनीही अखेर व्यवस्थापनाचीच बाजू उचलून धरली, अशी निवाशांची भावना झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये हंट यांनी ‘गार्डियन’ दैनिकात एक पत्र लिहून संघटनेची हाक दिली, आणि त्यातून विलगीकरणाच्या विरोधात शारीरिक विकलांगांचा संघ उभा राहिला. या संघाच्या वैचारिक जडणघडणीत व्हिक फिंकेलस्टाइन यांचा मोठा वाटा होता. ते दक्षिण आफ्रिकेचे. वर्णद्वेषविरोधी लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, तेथील राजवटीने साम्यवाद दडपण्याच्या कायद्याखाली त्यांच्यावर निर्बंध लादले, आणि १९६८ साली ते चाकाच्या खुर्चीसह ब्रिटनमध्ये आले. वर्णद्वेषी राजवट माणसांना कशी वेगळी काढते हे पाहिलेल्या या माणसाला निवासगृहांच्या भिंतींचा अर्थ उमगण्यास वेळ लागला नाही.

संघाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत मांडलेला विचार असा: शरीरातील उणीव ही एक गोष्ट, आणि तशी उणीव असलेल्या माणसाला समाजजीवनातून बाहेर ठेवणारी व्यवस्था ही दुसरी गोष्ट. एखाद्याचे पाय चालत नाहीत हे निसर्गाने वा अपघाताने घडले. पण त्याला कारखान्यात, शाळेत, नाट्यगृहात जाता येत नाही हे समाजाने घडविले. अपंगत्व या शब्दाचा खरा अर्थ दुसऱ्या गोष्टीत आहे, पहिलीत नाही. मार्क्सवादाच्या अभ्यासकाला या मांडणीत ओळखीचे पाऊल दिसेल. मँचेस्टरच्या रस्त्यांवर यंत्रांनी हातपाय तोडलेले किती लोक दिसतात हे तरुण एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले होते. ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात बेकारांच्या राखीव फौजेचे वर्णन करताना उद्योगाने लुळेपांगळे केलेल्यांचा मार्क्सने वेगळा उल्लेख केला आहे. भांडवलाच्या दृष्टीने ज्या शरीरातून ठराविक वेगाने श्रम काढता येत नाही ते शरीर निरुपयोगी. त्या शरीराची सोय मग दानधर्माकडे सोपविली जाते, आणि दान देणाऱ्याला पुण्य व प्रतिष्ठा दोन्ही मिळतात. ‘ग्रे-आय’चा जन्म या दानधर्माच्या विरोधातील बंडात झाला, हे विसरून तिच्या नाटकांचे नुसते कौतुक करणे म्हणजे पुन्हा त्याच दानधर्माकडे परतणे होय.

सूत्रे हाती आल्यावर

१९९७ साली संस्थेचे कलासंचालन जेनी सीली यांच्याकडे आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. कर्णबधिर स्त्रीने व्यावसायिक नाट्यसंस्थेचे दिग्दर्शन करावयाचे म्हणजे तालमीत खुणांच्या भाषेचे दुभाषे हवेत, बैठकीत दुभाषे हवेत, निधी देणाऱ्या मंडळाशी बोलतानाही दुभाषे हवेत. येथे अनेकांच्या मनात येणारा प्रश्न असा की, मग ऐकू येणाराच दिग्दर्शक का नेमू नये? सोय झाली असती, खर्च वाचला असता. पण तसे झाले असते तर जे घडले ते घडले नसते.

काय घडले ते थोड्या तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण नेतृत्वाचा प्रश्न हा केवळ प्रतिनिधित्वाचा प्रश्न नाही, तो कलेच्या घडणीचाही प्रश्न आहे, हे त्यातून कळते. रूढ नाट्यगृहात फार तर काय होते? नाटक आधी ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या प्रेक्षकांसाठी पूर्ण बसविले जाते. नंतर एखाद्या प्रयोगाला रंगमंचाच्या कोपऱ्यात एक दुभाषी उभा केला जातो. कर्णबधिर प्रेक्षकाने नाटक पाहावे की कोपरा पाहावा, हे त्याने ठरवावे! सीली यांच्या दिग्दर्शनाने हा क्रम उलटविला. खुणांची भाषा पात्रांच्याच तोंडी, किंबहुना हाती, आली. संवादांची अक्षरे पडद्यावर नेपथ्याचाच भाग म्हणून उमटू लागली. अंध प्रेक्षकासाठी रंगमंचावरील हालचालींचे वर्णन कानात घालण्याच्या यंत्रातून वेगळे न देता संहितेतच ओवले गेले. सॅरा केन यांचे ‘ब्लास्टेड’ हे नाटक संस्थेने २००६ साली केले तेव्हा लेखिकेच्या रंगसूचना नटांनी मोठ्याने उच्चारल्या. हिंसा करणारे पात्र आपण काय करीत आहोत हे शब्दांत सांगते, आणि डोळस प्रेक्षकालाही ती हिंसा नुसती पाहून सोडून देता येत नाही. अंधांसाठी केलेली सोय सर्वांसाठी कलेचे साधन बनली. या पद्धतीला सरकारी मराठीत ‘सुगम्यता’ असा शब्द आहे. तो परिपत्रकात शोभतो, पण त्यातून या रसरशीत गोष्टीची काहीच कल्पना येत नाही. ‘सर्वांसाठी वाट ठेवून केलेले नाटक’ असे म्हटले तर अर्थ अधिक जवळ जातो.

ही कल्पना ऐकू येणाऱ्या दिग्दर्शकाला सुचली नसती असे म्हणण्याचे कारण नाही. पण तिची गरज ज्याला रोज भासते त्याच्या हाती निर्णय असल्याशिवाय ती नियम बनत नाही. गिरणीतील पंख्याची आणि पाण्याची मागणी मालकाच्या लक्षात आली म्हणून मान्य झाल्याचे उदाहरण कामगार चळवळीच्या इतिहासात विरळाच.

२००२ साली संस्थेने केट ओरायली यांचे ‘पीलिंग’ हे नाटक केले. एका भव्य ग्रीक शोकांतिकेच्या प्रयोगात तीन अपंग व कर्णबधिर नट्या समूहगायिकांच्या रांगेत, मागच्या बाजूला बसविलेल्या आहेत. मुख्य भूमिका त्यांना कधीच मिळणार नाहीत. रोषणाई पुढे आहे आणि या तिघी अंधारात आपसांत बोलत आहेत, भांडत आहेत, आपल्या मातृत्वाविषयी आणि ते नाकारले जाण्याविषयी बोलत आहेत. प्रेक्षकांना त्या रात्री तेच ऐकावयाचे असते. पुढे चाललेले ‘मुख्य’ नाटक दुय्यम ठरते. नाट्यव्यवसायाने अपंगांना दिलेली जागाच नाटकाचा विषय झाली, ती नुसत्या तक्रारीच्या सुरात नव्हे, तर विनोदाने आणि धारदारपणे.

आणि मग ब्रेख्त. १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्त व कुर्ट वाइल यांनी रंगमंचावर आणलेले ‘तीन पैशांचे संगीतक’ मराठी रसिकाला परके नाही, पु. ल. देशपांडे यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकादमीने तो १९७८ साली रंगमंचावर आणला. ब्रेख्तच्या मूळ नाटकात पीचम नावाचा व्यापारी आहे. त्याचा धंदा भिकाऱ्यांना साहित्य पुरविण्याचा. खोटे तुटलेले हात, कुबड्या, पट्ट्या, फाटके कपडे हे सारे त्याच्या दुकानात भाड्याने मिळते. शहराचे त्याने भाग पाडले आहेत, भिकारी त्याच्या परवान्याशिवाय भीक मागू शकत नाही, आणि मिळकतीतला मोठा हिस्सा पीचमच्या तिजोरीत जातो. माणसाच्या काळजाला पाझर फोडणाऱ्या दैन्याचे त्याने पाच नमुने पक्के केले आहेत. त्याची चिंता फक्त व्यापारी आहे: दया वारंवार वापरली की बोथट होते, म्हणून मालात नावीन्य हवे. धर्मादाय संस्थांच्या जाहिरातींत केविलवाण्या मुलांची छायाचित्रे का बदलत राहतात याचे याहून नेमके स्पष्टीकरण कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

हे नाटक ‘ग्रे-आय’ने २०१४ साली नॉटिंगहॅम, इप्सविच, बर्मिंगहॅम व लीड्स येथील नाट्यगृहांच्या सहकार्याने केले, दिग्दर्शन सीली आणि पीटर रो यांचे. नटसंचात अपंग, कर्णबधिर आणि अपंग नसलेले कलावंत एकत्र होते. पीचमच्या दुकानातील खोटे अपंगत्व आता खऱ्या अपंग नटांच्या भोवती विकावयास मांडले गेले, आणि दयेचा बाजार ही उपमा न राहता समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या खिशाशी संबंधित बाब झाली. प्रसंगांची शीर्षके फलकांवर लिहून दाखवावीत, नटाने पात्रापासून अंतर राखावे, प्रेक्षकाने वाहून न जाता विचार करावा, हा ब्रेख्तचा आग्रह सर्वज्ञात आहे. संवादांची अक्षरे पडद्यावर दाखविणाऱ्या आणि संवाद हातांनीही बोलणाऱ्या या मंडळींना तो वेगळा शिकावा लागला नाही.

आयोजकांची रात्र

२९ ऑगस्ट २०१२ या दिवशी लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये अपंगांच्या पॅरालिंपिक क्रीडास्पर्धांचा उद्घाटन सोहळा झाला. त्याचे कलासंचालन जेनी सीली व ब्रॅडली हेमिंग्ज यांच्याकडे होते. या एका रात्रीविषयी डाव्या वर्तुळांत मतभेद आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

एक बाजू अशी. सीली यांनी त्या सोहळ्यात इयन ड्युरी यांचे ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ हे गीत गाजविले. बालपणी पोलिओ झालेल्या ड्युरी यांनी हे गीत १९८१ साली, संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या उपकारकर्त्या थाटाचा निषेध म्हणून रचले होते. ब्रिटिश नभोवाणीने त्यावर सायंकाळी सहापूर्वी न वाजविण्याचे बंधन घातले. अपंगांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा शब्द उचलून त्याला स्पार्टाकसच्या नावाचा घाट देणे, ही या गीताची युक्ती. (गुलामांच्या त्या बंडाचा नायक मार्क्सचा आवडता वीर होता, हे त्याने १८६५ साली एका घरगुती प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरात नोंदलेले आहे.) जे गीत एकेकाळी दिवसाउजेडी वाजविणे गैर मानले गेले ते एकतीस वर्षांनी साऱ्या जगाच्या दूरचित्रवाणीवर दुमदुमले. शेकडो अपंग कलावंतांनी त्यात भाग घेतला. काहींनी तर त्यासाठी सर्कशीतील झुल्यांचे शिक्षण घेतले होते.

दुसरी बाजू अशी की, त्याच स्पर्धांच्या पुरस्कर्त्यांत ‘आटोस’ ही बहुराष्ट्रीय कंपनी होती. अपंग आणि आजारी माणसांची ‘कामाची क्षमता’ तपासून त्यांचा सरकारी भत्ता चालू ठेवावा की बंद करावा याचा अहवाल देण्याचा ठेका याच कंपनीकडे होता. ही तपासणी २००८ साली मजूर पक्षाच्या सरकारने सुरू केली आणि त्यानंतरच्या हुजूर-उदारमतवादी युतीने तिची धार वाढविली. भांडवलदार वर्गाच्या दोन्ही बाजूंचे या बाबतीत फारसे दुमत नव्हते. स्पर्धा चालू असतानाच, ३१ ऑगस्टला, ‘कपातीविरुद्ध अपंग’ या संघटनेने लंडनमध्ये आटोसच्या कार्यालयापुढे निदर्शने केली. ३ सप्टेंबरला अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न पदके देण्यासाठी मैदानात आले तेव्हा भरलेल्या स्टेडियमने हुर्यो उडवून त्यांचे स्वागत केले.

मग सीली यांनी हा सोहळा नाकारावयास हवा होता काय? तसे मानणारे कार्यकर्ते आहेत आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पैसा देणाऱ्याच्या मांडवात बंडाचे गाणे गायले की बंडाची शोभा होते, धार जाते, हा धोका काल्पनिक नव्हे. तरीही नकाराचा सल्ला येथे चुकीचा ठरला असता. सोहळा झालाच असता. तो अपंग नसलेल्या कुणाच्या हाती गेला असता आणि त्यात ‘प्रेरणादायी’ माणसांची मिरवणूक निघाली असती. मांडव कोणाचा, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मांडवात काय म्हटले गेले आणि मांडव सुटल्यावर माणूस कोणाच्या बाजूला उभा राहिला, हे पाहावे लागते.

मांडव सुटल्यावर काय झाले ते असे. अपंगांच्या निर्वाहभत्त्याऐवजी अधिक कठोर अटींचा नवा भत्ता आणणारा कायदा त्याच वर्षी मंजूर झालेला होता, आणि २०१३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ज्या निधीच्या आधारे तीव्र अपंगत्व असलेले सुमारे अठरा हजार लोक मदतनीस नेमून स्वतःच्या घरी राहत होते, तो स्वतंत्र जीवन निधी ३० जून २०१५ रोजी बंद करण्यात आला. आणि ‘कामापर्यंत पोहोच’ या योजनेवर, जिच्यातून अपंग कर्मचाऱ्याला दुभाषे, मदतनीस, प्रवास यांचा खर्च मिळतो, वर्षाला ४०,८०० पौंडांची मर्यादा लादण्यात आली. नव्या अर्जदारांसाठी ती ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. पूर्ण वेळ दुभाषाचा खर्च या आकड्यात बसत नाही. म्हणजे हा फटका नेमका कोणाला? यंत्रावर काम करणाऱ्या कर्णबधिर कामगाराला दिवसातून तासभर दुभाषी पुरेल. पण जो माणूस बैठका चालवितो, तालीम घेतो, संस्थेच्या वतीने वाटाघाटी करतो, त्याला तो दिवसभर लागतो. कागदावर ही सर्वांना सारखी लागू होणारी काटकसर. प्रत्यक्षात ती अपंगांच्या नेतृत्वावरचीच कपात होती. सीली स्वतः या योजनेच्या लाभधारक होत्या, आणि या कपातीविरुद्ध त्यांनी जाहीरपणे आवाज उठविला. ओरड झाल्यावर २०१८ साली मर्यादा ५७,२०० पौंडांपर्यंत वाढवावी लागली.

‘कपातीविरुद्ध अपंग’ संघटनेच्या तक्रारीवरून संयुक्त राष्ट्रांच्या समितीने चौकशी केली आणि ब्रिटनमध्ये अपंगांच्या हक्कांचे गंभीर वा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारने तो धुडकावला. २०२५ साली पुन्हा मजूर पक्षाच्याच सरकारने अपंगांच्या भत्त्यावर हात टाकण्याचा प्रयत्न केला. स्वपक्षीय खासदारांच्या बंडामुळे जुलैत त्याला त्या विधेयकाचा मोठा भाग मागे घ्यावा लागला, तरी आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्या नव्या अर्जदारांना मिळणारी रक्कम घटविण्याची तरतूद तशीच मंजूर झाली. रंगभूमीवरील अपंगांच्या नेतृत्वाचा प्रश्न अशा रीतीने अंदाजपत्रकाच्या आकड्यांत जाऊन पोहोचतो. दुभाषाचे वेतन ही कलेची सजावट नसून कलेची पूर्वअट आहे.

‘ग्रे-आय’ स्वतः सरकारी कलानिधीवर चालते हाही एक अंतर्विरोध आहेच. संस्थेने २०१६ साली ढाका थिएटर व ब्रिटिश कौन्सिल यांच्या सहकार्याने ढाक्यात अपंग नटांना घेऊन ‘रोमियो आणि ज्युलिएट’चा एक वेगळा प्रयोग बसविला. तोच हा ढाका, ज्याच्या शेजारी साभार येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कापड कामगार दगावले आणि कित्येक जन्माचे अपंग झाले. ज्यांच्यासाठी ते कपडे शिवीत होते त्यांत ब्रिटिश दुकानेही होती. एका हाताने शेक्सपिअर आणि दुसऱ्या हाताने स्वस्त सदरा, हा साम्राज्याचा जुना व्यवहार. तरीही ज्या नटांनी त्या रंगमंचावर प्रेम आणि मृत्यू उभा केला त्यांचे काम त्यामुळे खोटे ठरत नाही.

आपले दार

भारतात २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. मोजणी किती तोकडी होती याविषयी अपंगांच्या संघटनांनी वारंवार सांगितले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून या सर्वांना ‘दिव्यांग’ हे नाव बहाल केले. विकलांगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय मंचाने आणि इतरांनी त्याला तेव्हाच विरोध केला होता, आणि तो योग्य होता. दिव्यत्व बहाल करून कुणाला जिना चढता येत नाही. गरिबीरेषेखालील तीव्र अपंगांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये ठरला, आणि त्यापुढच्या दशकात डाळ-तेलाचे भाव कोठल्या कोठे गेले तरी तो आकडा हलला नाही. एकीकडे देवत्व आणि दुसरीकडे तीनशे रुपये, हा हिशेब पीचमलाही पटला असता.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. अपंग कलावंत व लेखकांना साहाय्य, कला सर्वांना उपलब्ध करणे, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम नव्याने आखणे, दूरचित्रवाणीवर खुणांची भाषा वा अक्षरे देणे, असे पुष्कळ काही त्यात लिहिले आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटासंबंधीच्या खटल्यात, अपंगांचे चित्रण करताना त्यांनाच निर्मितीत सहभागी करून घ्यावे अशी दिशा दाखविली. कायदा आहे, निवाडा आहे. परंतु सरकारी नाट्यगृहांची बांधणी पाहावी. उतरण असलीच तर ती प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत असते. नटाने विंगेतून रंगमंचावर यावयाचे तर तेथे पायऱ्याच आहेत. अपंग माणूस फार तर पाहावयास येईल, करावयास नाही, हे वास्तुविशारदाने बोलून न दाखविता सिमेंटमध्ये लिहून ठेवले आहे.

हा दोष एकट्या सरकारच्या माथी मारून चालणार नाही. कम्युनिस्ट चळवळीने या देशाच्या रंगभूमीला जे दिले त्याचा अभिमान रास्त आहे. १९४३ साली मुंबईत भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावातून उभे राहिले. कामगारांचे दुःख कामगारांतूनच आलेल्या शाहिराने मांडावे, मालकाच्या कृपेने नेमलेल्या कीर्तनकाराने नव्हे, हे तत्त्व या पथकांनी कृतीने शिकविले. शबान आणि सीली यांनी अपंगांच्या बाबतीत तेच केले. फरक एवढाच की कलापथकांच्या त्या परंपरेने आपले तत्त्व या समूहापर्यंत नेले नाही. पथनाट्यात आंधळा भिकारी किंवा लंगडा गरीब हे पात्र दैन्याची खूण म्हणून आजही सहज येते, आणि ते करणारा नट प्रयोग संपला की सरळ चालू लागतो. पीचमचे दुकान आपल्याही सामानपेटीत कुठेतरी शिल्लक आहे.

या टीकेला एक ठरावीक उत्तर मिळते: साधने कमी, पैसा कमी, आधी मूलभूत प्रश्न. साधने कमी आहेत हे खरेच आहे. पण दुभाषाचे मानधन आणि रंगमंचाला लावावयाची लाकडी उतरण यांचा खर्च ध्वनिक्षेपकाच्या भाड्याशी ताडून पाहिला तर सबब फार काळ टिकत नाही. काम करणाऱ्यांची वाण नाही, हे तर अधिकच बोलके. यंत्रमागावर बोटे गमावलेले, खाणीत पाय गमावलेले, फटाक्यांच्या कारखान्यांतून भाजून निघालेले कामगार युनियनच्या नोंदवह्यांत आहेत. नुकसानभरपाईच्या खटल्यात युनियन त्यांच्या बाजूने उभी राहते, आणि चांगली उभी राहते. खटला संपला की तोच कामगार सभेच्या श्रोत्यांत, बहुधा मागच्या रांगेत, बसलेला आढळतो. त्याला पथकात घेतले जात नाही, पथक चालवावयास देणे तर दूरच.

पक्षाची पुष्कळ कार्यालये जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत. जिने अरुंद, उद्वाहन नाही. सांस्कृतिक आघाडीच्या बैठका तेथेच, रात्री उशिरा होतात. चाकाच्या खुर्चीतील एखादा कॉम्रेड अशा बैठकीला यावयाचा तर चौघांनी त्याला उचलून न्यावे लागते. ते चौघे आनंदाने उचलतात आणि त्यांच्या मनात खोट नसते. बैठक तळमजल्यावरच्या शाळेत घ्यावी, हे मात्र बहुधा त्या खुर्चीत बसलेल्यालाच सुचवावे लागते, आणि पुढच्या वेळी पुन्हा सुचवावे लागते.